"कसं वाटलं?" असं विचारू नका: घरी केलेल्या पहिल्या गाण्याच्या मिक्सवर मत कसं घ्यावं

डोंबिवलीतल्या आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत माझं पहिलं गाणं पूर्ण झालं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. माझा आवाज, पेटी, तबला, तंबोरा, एक गिटार आणि कीबोर्डवर वाजवलेला बास, हे सगळे वेगवेगळे ट्रॅक एकत्र जुळवून केलेला मिक्स. त्याच रात्री मी ते अकरा जणांना पाठवलं आणि खाली लिहिलं, "कसं वाटलं?" सकाळपर्यंत आठ उत्तरं आली. "मस्त", "सुंदर", "आवाज छान लागलाय", तीन अंगठे आणि दोन फुलं. सगळी प्रेमाची होती, पण कुठला फेडर (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) किती हलवायचा हे त्यातल्या एकावरूनही कळत नव्हतं.

दुपारी आत्याचा फोन आला. "छान झालंय गं. पण दुसऱ्या कडव्यात 'ओटी' म्हणालीस का? तिथे ओटीचा काय संबंध?"

मी लिहिलं होतं 'ओठी'. ठ मधला हकार पेटीच्या सुरांखाली गडप झाला होता. मला तो ऐकू येत होता, कारण शब्द माझेच होते आणि मला ते पाठ होते. आत्याला ईक्यू (सुरांची एखादी पट्टी कमी-जास्त करणं) म्हणजे काय हे माहीत नाही, पण मिक्स कुठे बिघडलाय ती जागा तिनं अचूक दाखवली. ऐकणारा जागा दाखवतो, तिथे काय बिघडलंय ते शोधणं आपलं काम. हे ध्यानात ठेवून मत मागितलं तर घरच्या माणसांकडूनही भरपूर शिकायला मिळतं. त्यासाठी काय तयारी करायची, कुणाला काय विचारायचं आणि आलेल्या उत्तरांचं काय करायचं, ते क्रमानं सांगते.

आधी स्वतः ऐका, पण दुसऱ्या दिवशी

मिक्स संपल्या संपल्या कुणालाही पाठवू नका. तीन तास तेच गाणं ऐकून कान दमलेले असतात. दमलेल्या कानांना तार स्वर बोथट वाटू लागतात, मग आपण ते वाढवत जातो. एक रात्र जाऊ द्या. सकाळी आवाज कमी ठेवून, स्क्रीन बंद करून, गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा ऐका आणि हातात कागद-पेन घ्या. स्क्रीन बंद करायला सांगते त्याला कारण आहे. ट्रॅक डोळ्यांसमोर सरकताना दिसले की पुढे काय येणार ते आधीच कळतं, आणि न वाजलेली गोष्टही वाजल्यासारखी वाटते.

आवाज कमी ठेवण्यामागे जुनं संशोधन आहे. १९३३ साली बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवलं की आवाज लहान असला की आपल्या कानांना खर्जातले सूर मधल्या सुरांपेक्षा खूपच कमी ऐकू येतात, आणि आवाज मोठा केला की ही तफावत कमी होते. म्हणून मोठ्या आवाजात केलेला मिक्स तेव्हा भरदार वाटतो आणि हळू लावला की पोकळ होतो. अगदी हळू लावल्यावरही शब्द आणि ठेका दोन्ही कळत असतील, तर पाया ठीक आहे असं समजायला हरकत नाही.

आता खोलीबद्दल, कारण घरी काम करणाऱ्या बहुतेकांची खरी अडचण हीच असते. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा (सेकंदाला ५६ कंपनांचा) सूर अडकतो. भिंतींजवळ तो फुगतो आणि खोलीच्या बरोबर मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. बासवरचा खालचा ए हा सूर ५५ हर्ट्झचा आहे. खोली चौरस असेल तर लांबी आणि रुंदी दोन्हीकडून हाच सूर सापडतो. तुम्ही खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून मिक्स करत असाल, तर तो सूर तुम्हाला ऐकूच येणार नाही. तुम्ही तो वाढवाल आणि ऐकणाऱ्याच्या गाडीत दारं थरथरतील. माझ्या पहिल्या मिक्समध्ये नेमकं हेच झालं होतं. यावर उपाय फुकटचा आहे. बासचा एकच सूर लांबवून लावा आणि खोलीत फिरा. कुठे घुमतोय, कुठे विरतोय ते कानांनी पाहा आणि खुर्ची या दोन्ही टोकांपासून दूर ठेवा. मी खुर्ची एका भिंतीपासून पावणेचार फुटांवर आणली आणि पुढच्या मिक्सला बासविषयी एकही तक्रार आली नाही.

हेडफोनवर मिक्स करत असाल तर खोलीचा त्रास नाही, पण वेगळी गफलत होते. डावा आवाज फक्त डाव्या कानात आणि उजवा फक्त उजव्यात जातो, त्यामुळे सगळं सुटं-सुटं आणि स्पष्ट वाटतं. गाणाऱ्याचा आवाज पेटीत बुडालाय हे हेडफोनवर लवकर लक्षात येत नाही. मिक्स हेडफोनवर करा, पण निर्णय घेण्यापूर्वी एकदा मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. मोबाइलवर डग्गा आणि बास जवळजवळ गायब होतील, ते साहजिक आहे. तिथे एवढंच पाहायचं की शब्द कळतात का आणि ठेक्याचा अंदाज येतो का. डग्गा मोबाइलवर अजिबातच कळत नसेल तर त्याच्या वरच्या पट्टीतला, बोटांच्या आघाताचा भाग थोडा वाढवावा लागतो.

मोनोमध्येही, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून, एकदा ऐका, बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते. तबल्याला दोन माईक लावले असतील तर हे टाळूच नका. दोन्ही माईकमध्ये एकाच बोलाच्या लहरी वेगवेगळ्या वेळी पोचतात आणि एकत्र आल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. स्टिरिओत भरदार वाटणारा डग्गा मोनोत पातळ झाला, तर एका माईकच्या ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून पाहा. ज्या स्थितीत डग्गा भरतो ती ठेवा.

शेवटची तयारी म्हणजे रेफरन्स ट्रॅक, तुलनेसाठीचं गाणं. तुमच्या गाण्यासारखीच वाद्यं असलेलं, तुम्हाला आवडणारं, प्रकाशित झालेलं एक गाणं त्याच प्रोजेक्टमध्ये आणा. पेटी-तबल्याच्या भावगीताला डान्सचं गाणं रेफरन्स म्हणून ठेवलंत तर दिशाच चुकेल. ते गाणं मास्टर झालेलं (मिक्सनंतर प्रकाशनासाठी शेवटचा हात फिरवलेलं) असल्यामुळे तुमच्यापेक्षा खूप मोठं वाजेल, म्हणून त्याचा फेडर खाली आणून दोन्ही सारख्या मोठेपणाला आणा. यूलीन लाउडनेस मीटर मोफत मिळतो, त्यात दोन्हींचा एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा) आकडा जुळवला की झालं. नुसतं मोठं वाजणं कानाला 'चांगलं' वाटतं. एक डेसिबलचा फरकही फसवायला पुरतो.

फाइल कशी पाठवायची

मास्टर फेडरवर, म्हणजे सगळ्या ट्रॅकच्या मिळून एका फेडरवर, कुठेही लाल दिवा लागता कामा नये. सर्वात मोठ्यानं वाजणारी जागा उणे ३ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान असली की मागे-पुढे करायला वाव राहतो. आवाज 'रेडिओसारखा' मोठा करण्यासाठी मास्टरवर लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) लावून पाठवू नका. तबल्याच्या आघातांची टोकं त्यात चेपली जातात आणि समोरचा माणूस मिक्सऐवजी लिमिटरवर मत देतो. तसंही स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस पातळीवर आणून वाजवतं, त्यामुळे चेपून मोठं केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि चेपलेपण तेवढं उरतं.

मिक्सिंग करणाऱ्या माणसाला २४ बिट वेव्ह (दर्जा न घटवलेली) फाइल द्या. चार मिनिटांचं गाणं ४८ किलोहर्ट्झला ६९ एमबीच्या आसपास होतं, ते ड्राइव्हवर टाकून लिंक पाठवा. घरच्यांना ३२० केबीपीएसची एमपी३ पुरते, ती साडेनऊ एमबीची होते. व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून जोडा, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते. नावात आवृत्ती घाला: 'ओठी_मिक्स२_१४जून'. "शेवटचं", "खरंच शेवटचं" अशी नावं दिली की आठवड्याभरात कुणाचं मत कोणत्या फाइलवर होतं हेच कळेनासं होतं.

आणि बाहेर काढलेली फाइल स्वतः पूर्ण ऐका. रिव्हर्बचं (घुमाऱ्याचं) शेपूट शेवटी तुटलंय, एखादा ट्रॅक म्यूट राहिलाय, असं अनेकदा होतं.

कुणाला पाठवायचं

अकरा जणांना एकदम नको. चार-पाच पुरेत, पण निरनिराळ्या प्रकारचे.

पहिला, साधा श्रोता. संगीतातलं काही न कळणारा, पण गाणी मनापासून ऐकणारा. हा सर्वात मोलाचा आणि एकदाच वापरता येणारा. तेच गाणं दुसऱ्यांदा ऐकताना त्याला शब्द कळलेले असतात, म्हणून तुमच्या सगळ्या साध्या श्रोत्यांना पहिलाच मिक्स पाठवू नका. निम्मे पुढच्या फेरीसाठी राखून ठेवा.

दुसरा, वाजवणारा किंवा गाणारा. तबलजीला विचारलंत तर तो तबल्याबद्दलच बोलेल आणि ते बरोबरच आहे. 'ना'ची चाट कोरडी वाटते का, डग्ग्याची मींड ऐकू येते का, हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही. मात्र त्याचं वाद्य मोठं करा असं तो सांगणारच, ती सूचना थोडी वजा करून घ्या.

तिसरा, स्वतः मिक्स करणारा. ओळखीत नसेल तर गावातल्या एखाद्या रेकॉर्डिंग स्टुडिओत तासाभराचे पैसे देऊन आपलं गाणं तिथल्या स्पीकरवर ऐकावं आणि तिथल्या माणसाला बोलतं करावं. मी दुसऱ्या गाण्याच्या वेळी हे केलं. त्या एका तासात मला जेवढं कळलं तेवढं दोन महिने व्हिडिओ पाहून कळलं नव्हतं. बोलण्यापेक्षाही त्या खोलीत माझा मिक्स कसा वाजतो ते ऐकणं हाच धडा होता.

आई-वडिलांना जरूर ऐकवा. पण त्यांचा आनंद हा त्यांचा आनंद आहे, त्यातून मिक्सचा निकाल काढू नका.

काय विचारायचं

प्रत्येकाला वेगळा प्रश्न, आणि उत्तर देता येईल एवढा लहान.

साध्या श्रोत्याला मी कागद देते. गाण्याचे शब्द त्याला आधी दाखवत नाही. एकदा ऐकून जे ऐकू येईल ते लिहून काढायला सांगते. दूर असेल तर फोनवर बोलून दाखवायला सांगते. जिथे रिकामी जागा किंवा भलताच शब्द आला, तिथे मिक्समध्ये काहीतरी आहे. मराठी गाण्याला ही परीक्षा फार लागू पडते. आपल्या भाषेत ट-ठ, क-ख, प-फ, ब-भ या जोड्यांत फरक एवढ्याशा श्वासाचा, आणि अर्थ पार बदलतो. पेटी, रिव्हर्ब किंवा जोरात लावलेला कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज आवळून सारखा करणारं साधन) या श्वासावरच पहिला घाला घालतात. 'चांदणं'मधला च आणि 'चहा'मधला च यांचीही जात वेगळी. पहिला दातांवर घासतो, त्यामुळे सिसकारी तिथे आधी ऐकू येते.

दुसरा प्रश्न: "ऐकताना आवाज कमी-जास्त करावासा कुठे वाटला? किती मिनिटांवर?" हात व्हॉल्यूमकडे जातो ती जागा म्हणजे मिक्समधली पायरी चुकलेली जागा.

तिसरा: "लक्ष कुठे उडालं?" याचं उत्तर बऱ्याचदा मिक्समध्ये नसतं. दुसऱ्या अंतऱ्याआधीचा तुकडा आठ मात्रा जास्त लांब असतो. तेही कळलेलं चांगलं.

मिक्स करणाऱ्या माणसाला असा निरोप पाठवावा:

"दादा, हे माझं पहिलंच घरी केलेलं गाणं. सगळं हेडफोनवर मिक्स केलंय, मास्टरिंग नाही. रेफरन्सचं गाणं सोबत जोडलंय. मला दोन शंका आहेत: १ मिनिट १० सेकंदापासून पेटी आणि आवाज एकमेकांत मिसळतात का, आणि डग्गा तुमच्या स्पीकरवर घुमतो का. याशिवाय सर्वात आधी एकच गोष्ट दुरुस्त करायची झाली तर कोणती कराल? आठवड्याभरात केव्हाही सवडीनं ऐका."

आपली शंका आधी सांगितल्यानं त्यांचा वेळ वाचतो. 'एकच गोष्ट' विचारल्यामुळे वीस कलमांची यादी येत नाही, आणि पहिल्या गाण्याला वीस कलमांनी माणूस खचतो. मी खचले होते. महिनाभर प्रोजेक्ट उघडला नव्हता.

उत्तरांचा अर्थ लावणं

उत्तरं आली की लगेच सॉफ्टवेअर उघडू नका. सगळी एका कागदावर वेळेनुसार मांडा: ०:४५ ला कोण काय म्हणालं, १:१० ला कोण काय म्हणालं. दोन जणांनी एकमेकांना न विचारता एकच जागा सांगितली असेल तर तिथे नक्की काहीतरी आहे, मग त्यांनी सांगितलेले उपाय कितीही वेगळे असोत. एकट्यानं सांगितलेली जागा स्वतः ऐकून ठरवा.

लोक आपल्या शब्दांत बोलतात. त्या शब्दांचा माग मला साधारण असा लागत गेला. "घुमतंय" किंवा "गुबगुबीत" म्हटलं की १५० ते ३०० हर्ट्झकडे पाहा. बहुतेक वेळा गिटार, पेटी आणि डग्गा तिघेही तिथे गर्दी करून बसलेले असतात. आवाज आणि गिटार यांतला अगदी खालचा, नको असलेला भाग हाय-पास फिल्टरनं काढला की अर्धी गर्दी जाते. आमच्याकडे तर लोकलचा घरघराटही त्यातच निघून गेला. "डब्यातून आल्यासारखं" म्हणजे ४०० ते ६०० च्या आसपास, आणि हे पुष्कळदा खोलीचं देणं असतं. "कानाला टोचतं" म्हणजे अडीच ते पाच हजार. स, श, च घासत असतील तर पाच ते आठ हजारांच्या पट्टीत डी-एसर (सिसकारी दाबणारं साधन) हलक्या हातानं लावा. जास्त झाला की गाणारा बोबडा वाटतो.

"आवाज मागे वाटतो" हे सर्वात जास्त वेळा ऐकू येतं आणि त्याचं कारण सर्वात फसवं असतं. पहिला विचार येतो फेडर वर करण्याचा. तो करा, एक डेसिबल, आणि ऐका. तरीही आवाज मागेच वाटला तर रिव्हर्ब कमी करून पाहा, किंवा रिव्हर्बला तीस-चाळीस मिलिसेकंदांचा प्री-डिले द्या, म्हणजे शब्द आधी पोचतो आणि घुमारा नंतर. तेही नाही झालं तर आड येणारं वाद्य शोधा. माझ्या 'ओठी'ला आवाजात काहीच करावं लागलं नाही. पेटीत तीन हजार हर्ट्झच्या आसपास तीन डेसिबल कमी केले, पेटी थोडी डावीकडे सरकवली आणि ठ मोकळा झाला. पेटी आणि गळा एकाच पट्टीतले सोबती. मैफलीत पेटीवाला गायकाचा श्वास बघून हात हलका करतो, घरच्या मिक्समध्ये ते आपल्याला करावं लागतं.

कधी एक जण म्हणतो "आवाज वाढव" आणि दुसरा म्हणतो "आवाज फार पुढे आहे". गोंधळून जाऊ नका, दोघेही खरं सांगतायत. आवाज एकसारखा नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपण ओळीची सुरुवात जोरात घेतो आणि शेवटची अक्षरं सोडून देतो. कुणाला सुरुवात खटकते, कुणाला शेवट ऐकू येत नाही. कॉम्प्रेसरनं सगळं एकदम आवळण्यापेक्षा व्हॉल्यूम ऑटोमेशननं (गाण्यात जागोजागी फेडरची उंची आधीच ठरवून ठेवून) ओळीओळीची शेवटची अक्षरं उचला. वेळखाऊ आहे, एका गाण्याला माझी पूर्ण दुपार जाते. पण नवशिक्याच्या मिक्समध्ये एवढा फरक दुसऱ्या कशानंही पडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

काही तक्रारी मिक्समध्ये सुटत नाहीत. खोलीचा घुमारा आवाजाबरोबर रेकॉर्ड झाला असेल तर कुठल्याही प्लगिनमागे (सॉफ्टवेअरला जोडायच्या साधनामागे) धावू नका. पुन्हा गा. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करा, म्हणजे माईकचं तोंड त्या कपड्यांकडे होईल. समोर माईकच्या मागे दोरीवर जाड गोधडी टाका, पंखा बंद करा, माईकपासून वीतभर अंतर ठेवा. प, फ, भ यांचे धक्के येत असतील तर माईक तोंडाच्या किंचित बाजूला घ्या. अर्ध्या तासाच्या या कामानं चार रात्रींचं ईक्यू वाचतं.

बदल करताना

प्रोजेक्ट नव्या नावानं सेव्ह करा आणि मगच हात लावा. एका वेळी एकच तक्रार घ्या, बदल करा, जुना आणि नवा मिक्स सारख्या मोठेपणाला आणून आलटून-पालटून ऐका. नवा खरंच बरा वाटला तर ठेवा. वाढवण्याआधी दुसरं काहीतरी कमी करून पाहा. पटत नसलेली सूचनाही एकदा करून पाहा, पाच मिनिटं लागतात. त्यानंतरही पटली नाही तर सोडून द्या. गाणं तुमचं आहे. माझ्या गाण्यात तंबोरा फार पुढे आहे असं दोघांनी सांगितलं होतं. मी कमी करून पाहिला, गाण्याचा ऊबदारपणाच गेला, म्हणून परत वर आणला. तो आजही तिथेच आहे.

नवा मिक्स झाला की राखून ठेवलेल्या श्रोत्यांना पाठवा आणि पुन्हा तेच प्रश्न विचारा. पहिल्या गाण्याला अशा तीन फेऱ्या पुष्कळ झाल्या. तिसऱ्या फेरीनंतर येणाऱ्या सूचना बहुतेक आवडीनिवडीच्या असतात. कुणाला रिव्हर्ब जास्त आवडतो, कुणाला कमी. शब्द सगळ्यांना कळतायत, व्हॉल्यूमकडे कुणाचा हात जात नाही आणि मोबाइलवर, गाडीत, हेडफोनवर गाणं तग धरतंय, एवढं झालं की थांबा. प्रत्येक ट्रॅक शून्यापासून सुरू होणाऱ्या वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढून दोन ठिकाणी ठेवा. वर्षभरानं प्लगिन बदललेली असतात आणि जुना प्रोजेक्ट उघडत नाही.

ज्यांनी मत दिलं त्यांना पक्कं झालेलं गाणं आवर्जून पाठवा, आणि त्यांच्यामुळे नेमकं काय बदललं ते दोन ओळींत कळवा. आत्याला मी लिहिलं, "दुसऱ्या कडव्यात ठ नीट केलाय, ऐक." तिचा लगेच फोन आला. "आता कळलं गं, ओठी. आणि पहिल्या कडव्यात ते 'भिजले' आहे ना?"

ते 'विझले' होतं. मी प्रोजेक्ट पुन्हा उघडला.